यूपीएसला मोठी बॅटरी जोडताय? या चुका टाळा

६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे यूपीएसची ताकद) क्षमतेच्या घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो) सीलबंद बॅटरी असते. लाईट गेली की जेमतेम फाईल सेव्ह करण्यापुरता वेळ मिळतो. मग वाटतं, बाहेरून ४० एएचची बॅटरी जोडली की दोन तास निघतील.

बॅटरी दोन तास देईलही, पण यूपीएस तेवढा वेळ टिकणार आहे का? आतला ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) काही मिनिटांच्या कामाच्या हिशेबाने बसवलेले असतात. बॅटरी भरलेली असूनही यूपीएस मध्येच बंद पडतो आणि खोका हाताला चटका देतो, तेव्हा दोष बॅटरीचा नसतो. लोड, म्हणजे यूपीएसवर चालणाऱ्या उपकरणांचा भार, निम्म्यावर आणा. तरीही तापत असेल तर तो नाद सोडा आणि बाहेरच्या बॅटरीची सोय असलेलं मॉडेल घ्या.

पहिल्या दिवशी दोन तास, दुसऱ्या दिवशी अर्धाच? मग चार्जर बघा. छोट्या यूपीएसचा चार्जर साधारण एक अँपिअर किंवा त्याहून कमी देतो. रिकामी ४० एएचची बॅटरी भरायला त्याला दोन दिवसही लागू शकतात. रोज लोडशेडिंग असेल तर ती कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि नवी बॅटरी अकाली जाते.

व्होल्टेज गृहीत धरू नका. मोठ्या यूपीएसमध्ये अनेकदा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला एक जोडून, असतात आणि मिळून २४ व्होल्ट होतात. जुनी-नवी जोडी लावू नका. गाडीची बॅटरी तर नकोच, ती स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी असते; पुन्हापुन्हा खोलवर उतरवली की लवकर मरते. ट्युब्युलर बॅटरी (इन्व्हर्टरला लावतात ती पाणी घालायची) चार्ज होताना हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सोडते, त्यामुळे ती बंद खोलीत ठेवू नका.

वायरीकडे सगळे दुर्लक्ष करतात. १५० वॉटच्या लोडला १२ व्होल्टवर १५ अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. लोड चालू असताना मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर आणि यूपीएसच्या टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल. अशा वेळी यूपीएसला बॅटरी उतरल्यासारखी वाटते आणि तो आधीच बंद होतो. पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज हवाच.

आणि हे जिवाचं आहे: काही यूपीएसमध्ये बॅटरीची टोकं मेन्सपासून, म्हणजे घरातल्या विजेच्या लाईनपासून, वेगळी केलेली नसतात. ‘१२ व्होल्टच तर आहे’ म्हणून हात लावू नका. आधी प्लग काढा, यूपीएस बंद करा, आणि बाहेर आणलेली टोकं पूर्ण झाका.

फक्त इंटरनेट चालू ठेवायचं असेल तर यातलं काहीच करू नका. राउटरला दहा-बारा वॉट पुरतात. त्याच्या अडॅप्टरवरचं व्होल्टेज बघून तेवढाच डीसी मिनी यूपीएस आणा.