बाळंतपणाच्या आसपास लघवीतलं प्रोटीन तपासताना : तयारीची यादी

तपासणी लिहून दिली की आधी विचारून घ्या : नुसती पट्टी बुडवून बघायची आहे, एका वेळच्या नमुन्यातलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर (क्रिएटिनिन म्हणजे लघवीवाटे बाहेर पडणारा स्नायूंतला टाकाऊ पदार्थ) काढायचं आहे, की चोवीस तासांची लघवी साठवायची आहे? पहिल्या दोन्हींना लॅबने दिलेली स्वच्छ बाटली पुरते. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. जंतुनाशक लावू नका, क्लोरहेक्सिडीनचा अंश राहिला तरी पट्टी उगाच रंग बदलते. सुरुवातीची धार सोडून मधली घ्या. गुणोत्तरासाठी शक्यतो सकाळची पहिली लघवी नको.

खरी अडचण कळा सुरू झाल्यावर येते. पाणी गेलेलं असेल, अंगावर रक्त असेल किंवा बाळंतपणानंतर अंगावरून जात असेल, तर त्यातलं प्रोटीन नमुन्यात उतरतं आणि ठणठणीत बाईचा रिपोर्टही 'पॉझिटिव्ह' येतो. म्हणून पाणी कधी गेलं, रक्तस्राव आहे का, ताप किंवा लघवीला जळजळ आहे का, हे बाटली देतानाच सांगा. जंतुसंसर्गातही प्रोटीन दिसतं. कॅथेटरने, म्हणजे मूत्राशयात नळी घालून, घेतलेल्या नमुन्यात ही सरमिसळ टळते. पण कळांच्या श्रमाने निरोगी बाईच्या लघवीतही थोडं प्रोटीन उतरू शकतं. बीपी नीट असेल तर केवळ या आकड्यासाठी नळी घालून घेण्याचा हट्ट मला तरी पटत नाही.

चोवीस तासांचं काम किचकट नाही, पण धांदरटपणा चालत नाही. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि ती वेळ लिहून ठेवा. तिथून पुढची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळचीसुद्धा. शौचाला बसण्याआधी लघवी वेगळी धरा, नाहीतर तेवढी हातची जाते. डबा थंड जागी ठेवा. एक वेळ जरी चुकली तरी लॅबला सांगा आणि नव्याने सुरू करा. अर्धवट साठवणीतून आकडा खोटाच कमी येतो.

रिपोर्ट हातात आल्यावर एकक बघा. गरोदरपणात दिवसाला ३०० मिलिग्रॅम ही नेहमीची सीमा. एरवी ती १५० धरतात. गुणोत्तरात तीच सीमा मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असेल तर ०.३, क्रिएटिनिन मिलिमोलमध्ये असेल तर ३०. पट्टीवरचा एक 'प्लस' म्हणजे डेसिलिटरला साधारण ३० मिलिग्रॅम, आणि तो पाणी किती प्यालात त्यावर वरखाली होतो : घट्ट लघवीत उगाच दिसतो, पातळ लघवीत लपतो. त्यामुळे मुद्दाम ढसाढसा पाणी पिऊन जाऊ नका.

सोबत बीपीच्या नोंदी न्या. बीपी १४०/९० किंवा जास्त भरलं, डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखू लागलं, तर रिपोर्टची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. प्रीएक्लाम्पसिया, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी वाढून होणारा गंभीर आजार, लघवीत प्रोटीन नसतानाही होतो, आणि बाळंतपण उरकल्यावरही.

प्रोटीन सापडलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणीची तारीख आजच मागून घ्या. त्या दिवशी अंगावरून जाणं थांबलेलं असावं. नसेल तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे ढकला. तीन महिन्यांनंतरही प्रोटीन जात नसेल तर मूत्रपिंडांची तपासणी करावी लागते.