पीच-स्ट्रॉबेरीचं थंडगार डेझर्ट बिघडतं कुठे? या चुका टाळा

मे महिना लागला की फळगाड्यांवर हिमाचल-उत्तराखंडचे पीच दिसायला लागतात, सिरमौरमधलं राजगढ आणि नैनितालजवळचं रामगढ हा त्यांचा मोठा पट्टा, आणि नेमकी तेव्हाच आपली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी संपलेली असते. म्हणजे इन्स्टावर पीच-बेरीचे ते लालपिवळ्या थरांचे ग्लास बघून आपण हुरळून जातो खरं, पण ती दोन्ही फळं एकाच आठवड्यात ताजी, स्वस्त आणि गोड मिळणं आपल्याकडे अवघडच. मग लोक मे महिन्यात मिळेल ती आंबटढोण, देठाशी पांढरी स्ट्रॉबेरी तिप्पट भावाने आणतात आणि डेझर्ट जमलं नाही की रेसिपीला नावं ठेवतात. त्यापेक्षा मार्चमध्ये स्ट्रॉबेरी उतरते तेव्हाच थोडी फ्रीझ करून ठेवा. धुवून, अगदी कोरडी पुसून, देठ काढून ताटलीत सुटीसुटी मांडायची, दगडासारखी झाली की मग झिपलॉकच्या पिशवीत भरायची. सरळ पिशवीत कोंबली तर एकच गठ्ठा होतो आणि तो फोडायला बत्ता लागतो.

बाकी बहुतेक बिघाडांचं मूळ एकच, पाणी. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, पीचमध्येही जवळपास तेवढंच, आणि आपण त्याला क्रीम, कस्टर्ड, जेली असल्या गोष्टींबरोबर बसवायला बघतो. हे पाणी कधी सुटणार आणि कुठे जाणार हे आधी ठरवलं नाही तर ते स्वतःच ठरवतं.

कडक पीच आणला आणि सरळ फ्रीजमध्ये टाकला

ही सगळ्यात कॉमन चूक. पीच झाडावरून काढल्यावरही पिकतो, पण बाहेर, खोलीत. कडक पीच २ ते ८ अंशांत काही दिवस राहिला की त्याचा पोत बिघडतो, आणि घरच्या फ्रीजचं तापमान नेमकं त्याच पट्ट्यात. मग बाहेर काढून कितीही ठेवा, आतून कापसासारखा कोरडा-पिठूळच लागतो, रस नावाला नाही. हे एकदा झालं की उपाय नाही, शिजवून सॉस करा आणि विसरा. कडक पीच कागदी पिशवीत घालून २-३ दिवस ओट्यावर ठेवायचे, सोबत एखादं केळं टाकलं तर अजून लवकर होतात. पिकल्यावर मात्र एखाद-दुसरा दिवस फ्रीजमध्ये चालतात.

घेताना लाल गालाला भुलू नका, तो रंग जातीवर आणि उन्हावर असतो. लाल नसलेला भाग बघा, तो हिरवट असेल तर कच्चा, पिवळा किंवा सायीच्या रंगाचा असेल तर ठीक. देठाजवळ हलकं दाबलं की किंचित दबला पाहिजे, आणि वास आला पाहिजे. फळवाला "दबाओ मत" म्हणून ओरडतो, बरोबरच आहे त्याचं, म्हणून नुसता वास घेऊन निवडायची सवय लावलेली बरी.

स्ट्रॉबेरीचं उलट आहे. ती तोडल्यावर पिकत नाही, नुसती मऊ होते. ‘ठेवू दोन दिवस, गोड होईल’ असं काही नसतं.

धुणं आणि सोलणं

स्ट्रॉबेरी आणल्या आणल्या धुवून डब्यात भरली तर दुसऱ्या दिवशी बुरशी. लागेल तेव्हाच धुवायची, आणि देठासकट धुवायची, देठ आधी काढला तर आत पाणी शिरतं. तुती असेल तर चाळणीत ठेवून हलक्या धारेखाली धरायची, चोळायला गेलात तर रंग सगळा सिंकमध्ये.

पीचची लव डेझर्टमध्ये जिभेला खटकते, म्हणून सोलून घ्या. सुरीने सोलत बसू नका, निम्मा गर सालीबरोबर जातो. बुडाशी छोटी फुली मारायची, उकळत्या पाण्यात ३०-४० सेकंद, लगेच बर्फाच्या पाण्यात, साल बोटाने सरकते. सरकली नाही तर पीच कच्चा आहे असं समजा. कापलेल्या फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लगेच लिंबाचा रस लावायचा, सगळं कापून झाल्यावर नाही.

साखर कधी घालायची

फळावर साखर भुरभुरली की अर्ध्या तासात तळाशी लाल रस जमतो, ते बघायला छान वाटतं. पण तीच साखर लावलेली फळं सरळ क्रीमच्या थरावर टाकली तर तो रस क्रीममध्ये उतरतो आणि दोन तासांनी ग्लासात थर नाही, गुलाबी काला दिसतो. साखर आधीच लावायची, २०-३० मिनिटं थांबायचं, मग चाळणीवर निथळायचं. खाली आलेला रस फेकायचा नाही, छोट्या स्टीलच्या भांड्यात आटवून पाकासारखा करायचा आणि गार करून वरून घालायचा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, बेरीचा लाल रंग निळसर-मळकट होतो.

फ्रूट कस्टर्डचं पण तेच. सकाळी फळं घालून ठेवलेलं कस्टर्ड रात्री पाहुण्यांसमोर पातळ झालेलं असतं आणि मग यजमानीणबाई म्हणतात पावडरच बरी नव्हती. कस्टर्ड वेगळं गार करा, फळं वेगळी गार करा, वाढताना एकत्र करा. पीच मेल्बा नावाचा जो प्रसिद्ध प्रकार आहे, १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात शेफ एस्कॉफिएने ऑस्ट्रेलियन गायिका नेली मेल्बासाठी केलेला, त्यात तरी काय वेगळं आहे, पाकात शिजवलेला पीच, व्हॅनिला आइस्क्रीम, आणि नंतर त्यात आलेला रास्पबेरीचा सॉस. तिन्ही वेगवेगळं तयार असतं आणि प्लेटमध्येच भेटतं. रास्पबेरीच्या जागी आपली फ्रोझन स्ट्रॉबेरी किंवा तुती थोड्या साखरेत पाच मिनिटं शिजवून, वाटून, गाळून घेतली की काम भागतं.

क्रीम फुलतच नाही

अर्धा तास बीटर फिरवून हात दुखला तरी क्रीम पातळच, हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की काय सांगू. बहुतेक वेळा पॅकच चुकीचा असतो. दुकानात सहज मिळणारी टेट्रापॅकची फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटची असते, ती भाजीत घालायला उत्तम, पण उभं राहील असं फुलायला निदान ३० टक्के फॅट लागतं, ३५ असेल तर निवांत. पॅकवरचा आकडा वाचा, पुढच्या बाजूचा स्ट्रॉबेरीचा फोटो नाही. नॉन-डेअरी टॉपिंग मे महिन्यातही टिकतं, पण त्यात आधीच साखर असते आणि टाळूला एक तुपकट थर बसतो, मला स्वतःला ते फळांबरोबर अजिबात आवडत नाही.

पॅक बरोबर असेल तर मग उकाडा. क्रीम, भांडं, बीटरची पाती सगळं आधी गार करा, आणि किचनमध्ये घाम फुटत असेल तर भांड्याखाली बर्फाची परात ठेवा. फेटताना बघत राहायचं: आधी मोठे बुडबुडे, मग पातळ श्रीखंडासारखं, मग बीटरच्या मागे रेघा उमटायला लागतात. इथे स्पीड कमी. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा, कारण फळाचा गर मिसळताना ती अजून ढवळली जाणारच आहे. दाणेदार दिसायला लागली तर घाबरू नका, दोन-तीन चमचे न फेटलेली गार क्रीम घालून हातानेच हलकं ढवळा, बऱ्याचदा सावरते. पिवळे गोळे येऊन पाणी सुटलं तर मात्र ते लोणी झालं, ब्रेडला लावा. आणि मिक्सरच्या भांड्यात क्रीम फेटू नका, फुलली की लोणी झालं, मधे थांबायला वेळच मिळत नाही.

खरं सांगायचं तर आपल्याकडे क्रीमला एक उत्तम पर्याय घरातच आहे, चक्का. पाणी आधीच काढून टाकलेलं असल्यामुळे तो फळाचं थोडं पाणी झेलतो, आंबटपणा स्ट्रॉबेरीला शोभतो आणि पैसेही कमी. फक्त उन्हाळ्यात दही रात्रभर बाहेर टांगू नका, आंबून जातं, चाळणीत फडकं घालून खाली भांडं ठेवून सगळं फ्रीजमध्येच ठेवा. चक्का पिठीसाखर घालून पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढला की मऊ होतो, आणि गळणार नाही इतपत फेटलेली थोडी क्रीम त्यात मिसळली तर फार सुंदर लागतं.

पण इथे एक मोठी चूक होते. लोक आम्रखंडाचं प्रमाण तसंच स्ट्रॉबेरीला लावतात. हापूसचा रस मुळातच दाट, स्ट्रॉबेरीची प्युरी म्हणजे जवळजवळ सरबत, ती तेवढीच घातली की श्रीखंडाची लस्सी होते. प्युरी मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवायची, पूर्ण गार करायची, मग घालायची. पीचची प्युरी थोडी दाट असते पण तिलाही पाच-सात मिनिटं आटवलेलं बरं. आटवताना रंग मळका वाटायला लागला तर लिंबाचे चार थेंब टाका, उजळतो.

दूध फाटलं

फळं आंबट आहेत, दूध गरम आहे, फाटणारच. कस्टर्ड कोमट असताना ‘थोडंच तर गरम आहे’ म्हणून प्युरी ओतली की दाणे दाणे दिसतात. आधी पूर्ण गार करा, पृष्ठभागाला प्लॅस्टिक चिकटवून म्हणजे साय धरत नाही. गार दुधात घट्ट, शिजवलेली, साखर घातलेली प्युरी बरीच चांगली मिसळते. कंडेन्स्ड मिल्क वापरलं तर धोका अजून कमी, आंबटाने ते उलट दाट होतं.

चायना ग्रास सेट होत नाही, किंवा रबर होतं

जेली धरवणारं जिलेटिन प्राण्यांपासून येतं म्हणून बऱ्याच घरांत चायना ग्रास म्हणजे अगार-अगार वापरतात, ते समुद्री शेवाळापासून बनतं. पण या दोघांचे स्वभाव एकदम उलटे. जिलेटिन गार पाण्यात भिजवून नुसतं गरम करून विरघळवायचं, उकळलं तर जोर कमी होतो. अगार मात्र नीट उकळावंच लागतं, दोन-तीन मिनिटं, कण दिसेनासे होईपर्यंत. लोक जिलेटिनसारखं कोमट पाण्यात अगार ढवळतात आणि मग रात्रभर फ्रीजला दोष देत बसतात.

दुसरं, अगार आंबट प्युरीबरोबर उकळलं तर पकड सैल होते. ते पाण्यात किंवा दुधात वेगळं उकळा, आच बंद करा, मग प्युरी. आणि प्युरी फ्रीजमधून काढलेली गारेगार नको, अगार ३५-४० अंशांच्या आसपास लगेच धरतं, त्यामुळे गार प्युरी पडली की जागेवर गुठळ्या. सामान्य तापमानाची प्युरी घ्या, दूध असेल तर तेही थोडं निवू द्या. झाल्याच गुठळ्या आणि दूध नसेल तर परत गरम करा, अगार पुन्हा वितळतं आणि पुन्हा सेट होतं. कापता येईल अशा वडीला १ कप द्रवाला पावडर १ लहान चमचा, चमच्याने खायच्या पुडिंगला साधारण निम्मी. आणि पीच-बेरीच्या जिलेटिन जेलीत हौसेने कच्चं किवी किंवा अननस घालू नका, त्यातली एन्झाइम्स जिलेटिन खाऊन टाकतात. टिनमधला अननस चालतो, तो शिजलेला असतो.

सॉर्बे नाही, बर्फाची लादी

सॉर्बे म्हणजे दुधाशिवाय, फळाच्या गराचं आइस्क्रीम. साखर कमी घातली की त्याची लादी होणारच. आरोग्यासाठी कमी करायची तर वाटी छोटी घ्या, कारण इथे साखर गोडीबरोबर मऊपणाही देते. अर्धा किलो पीचच्या गराला १२५ ते १५० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस हे माझं प्रमाण. बाहेर चाखताना जरा जास्तच गोड लागलं पाहिजे, गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते. जुनी युक्ती म्हणजे धुतलेलं कच्चं अंडं मिश्रणात सोडायचं, रुपयाच्या नाण्याएवढा भाग वर तरंगला की साखर बरोबर, बुडालं तर वाढवा, जास्तच वर आलं तर थोडं पाणी. अंडं चालत नसेल तर वजनकाटा आहेच.

मशीन नसेल तर दर पाऊण तासाने काट्याने खरवडत राहा. आइस्क्रीममध्ये ताज्या फळाचे तुकडे टाकले तर दाताखाली गारा येतात, ते आधी साखरेत पाच मिनिटं शिजवून घ्या. लाइट जाणाऱ्या भागात असाल तर वितळून पुन्हा गोठलेलं आइस्क्रीम करकरीत लागतं, त्याचा मिल्कशेक करून टाका.

टिनमधले पीच वापरायलाही हरकत नाही, मेमध्ये कडक पीच घेऊन झगडण्यापेक्षा बरे. पाक निथळा, त्या पाकाची गोडी धरून बाकी साखर कमी करा, आणि उरलेले काचेच्या डब्यात काढा, टिनमध्ये ठेवू नका. ताज्या पीचची आठळी फोडून आतली बी बदामाच्या वासासाठी दुधात वाटायची टिप फिरत असते, ती अजिबात करू नका, त्या बीमधल्या अमिग्डालिन नावाच्या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होतं. तो वास हवाच असेल तर बदाम इसेन्सचे दोन थेंब पुरतात.