पहिलं रोबोट किट घेताय? सिरीयल की यूएसबी, थोडं सांगतो

चवथीची सुट्टी जवळ आली की फोंडा-डिचोलीकडच्या ओळखीच्या पालकांचे मेसेज सुरू होतात. मुलाला रोबोट किट घ्यायचंय, एकावर सिरीयल (एकामागून एक बिट पाठवत डेटा नेण्याची पद्धत) लिहिलंय, दुसऱ्यावर यूएसबी, कुठलं घेऊ? इथे गोव्यात शाळांत सरकारच्या केअर्स योजनेतून कोडिंग-रोबोटिक्स आल्यापासून हा प्रश्न जरा जास्तच येतो.

पहिलंच किट असेल तर डोळे झाकून यूएसबीवालं घ्या. सिरीयल वाईट आहे असं नाही, यूएसबीवाल्यातही आत सिरीयलच चालतं. अशा किटांत नेहमी दिसणारा छोटा कंट्रोलर बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनो, त्यावर मेन चिप असते एटीमेगा ३२८पी, तिला यूएसबी कळतच नाही, म्हणून बाजूला एक छोटी चिप बसवलेली असते जी यूएसबीचं सिरीयल करून देते. ओरिजिनल उनो आर३ वर ती एटीमेगा १६यू२, स्वस्त क्लोनवर (दुसऱ्या कंपनीच्या नकलेवर) बहुतेक सीएच३४०. म्हणजे तुम्ही केबल लावून सिरीयल मॉनिटर (बोर्डाकडून येणारा मजकूर दाखवणारी कॉम्प्युटरवरची खिडकी) उघडता तेव्हा सिरीयलच वापरत असता, फक्त वायरी जोडायची कटकट नसते.

विकत घेताना ही छोटी चिप कुठली ते नक्की विचारा. सीएच३४० असली तर विंडोजवर कधीकधी ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट दिसतच नाही आणि पोरगं म्हणतं बोर्ड खराब आहे. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण परमिशन नसते, युजरला डायलआउट (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये टाकून एकदा लॉगआउट-लॉगिन केलं की झालं. आणि केबल! मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, डेटाच्या तारा आत नसतातच, बोर्डाचा दिवा मस्त लागतो आणि अपलोड काही होत नाही. ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी केबल बदलून बघा.

आता 'सिरीयल' लिहिलेल्या किटचं. यात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि दुकानदार दोन्हीला सिरीयलच म्हणतो. एक म्हणजे जुना नऊ पिनांचा पोर्ट, आरएस-२३२, हे स्टँडर्ड १९६० चं आहे, त्यात सिग्नल प्लस-मायनस १५ व्होल्टपर्यंत जातो. दुसरं म्हणजे बोर्डावरच्या टीएक्स (डेटा पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना, त्या ५ किंवा ३.३ व्होल्टच्या. जुन्या पोर्टाची वायर थेट या पिनांना लावली तर चिप जळू शकते, मधे व्होल्टेज जुळवून देणारी मॅक्स२३२ सारखी चिप लागतेच. आजकालच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतोच म्हणा, त्यामुळे तसलं किट कोणी स्वस्तात देत असेल तरी नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

पिनांवरचं सिरीयल मात्र शिकायलाच हवं, कारण यूएसबीची केबल लावून रोबोट हॉलभर फिरणार कसा? मग एचसी-०५ ब्लूटूथ येतं, म्हणजे या पिनांना जोडायचं बिनतारी मॉड्यूल. टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड दोघांचं एकत्र, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) दोन्हीकडे सारखा (९६०० ने सुरू करा, सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, छोट्या गाडीला भरपूर झालं). उनोवर पिन ० आणि १ याच यूएसबीच्या चिपलाही जोडलेल्या असतात, म्हणून ब्लूटूथ तिथेच लावलं असेल तर कोड अपलोड करताना ते काढून ठेवा, नाहीतर एरर येत राहणार. सॉफ्टवेअर सिरीयल नावाच्या लायब्ररीने दुसऱ्या पिना वापरता येतात, पण १,१५,२०० च्या स्पीडला ते भरवशाचं नाही. उनोचा टीएक्स ५ व्होल्टचा आणि एचसी-०५ चा आरएक्स ३.३ चा, तेव्हा मधे १ के आणि २ के (किलोओहम) रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर घाला, दोनपाच रुपयांचं काम आहे.

अजून एक, मोटरा यूएसबीच्या करंटवर चालवायच्या नाहीत. लॅपटॉपचा साधा पोर्ट ५०० मिलीअँपियरपर्यंत देतो, मोटर सुरू होताना त्याहून जास्त खेचते, व्होल्टेज पडतं, बोर्ड रिसेट होतो आणि मग लोक कनेक्शनला दोष देतात. मोटरांना वेगळी बॅटरी द्या, ग्राउंड तेवढा एकत्र ठेवा.

आपल्याकडे पावसात हवा इतकी दमट असते की जंपर वायरींची टोकं काळी पडतात आणि सिरीयलवर मधेच कचरा अक्षरं येऊ लागतात. तसं झालं तर आधी बॉड रेट बघा, तो बरोबर असेल तर वायरी बदला, आणि किट सिलिका जेलची पुडी घालून डब्यात ठेवा.