बॅलन्स शाफ्ट काढल्यावर इंजिन परत बॅलन्स करावं लागतं का? आधी या चुका टाळा

उत्तर आधीच देऊन टाकतो. बॅलन्स शाफ्ट म्हणजे इंजिनाची थरथर मारायला आत बसवलेले फिरते वजनदार दांडे. इंजिन चार सिलिंडरचं आणि इनलाइन (सगळे सिलिंडर एका ओळीत) असेल तर नाही, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) परत बॅलन्सिंगला पाठवायची काहीच गरज नाही. पण "गरज नाही" एवढंच ऐकून लोक शाफ्ट उपटून काढतात आणि मग दुसऱ्याच ठिकाणी इंजिनाची वाट लावतात, म्हणून हे सगळं लिहितोय.

मी मिशिगनमध्ये राहतो, माझ्याकडे 1991 ची मित्सुबिशी इक्लिप्स टर्बो आहे, आत 4जी63 नावाचं असंच इनलाइन चार सिलिंडरचं इंजिन. इलिनॉयमधल्या नॉर्मल नावाच्या गावात क्रायस्लर आणि मित्सुबिशीने मिळून काढलेल्या कारखान्यात या गाड्या बनायच्या. इंजिन उघडलं तेव्हा एका मशीन शॉपने मला सांगितलं की बॅलन्स शाफ्ट काढताय ना, मग अख्खा क्रँक सेट नव्याने बॅलन्स करावा लागेल, पिस्टनची आणि त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडची वजनं द्या, त्या मापाची बॉबवेट (पिस्टन-रॉडच्या जागी लावायची तात्पुरती वजनं) लावून क्रँक फिरवू. मी पैसे भरले. नंतर पुस्तकं काढून नीट बसलो तेव्हा कळलं की इनलाइन चार सिलिंडरच्या क्रँकला बॉबवेट लागतच नाहीत, तो नुसताच फिरवून बॅलन्स होतो. बॉबवेट लागतात ती व्ही8 आणि व्ही6 ला.

पहिली चूक: शाफ्ट क्रँकचा असमतोल भरून काढतो असं समजणं

इथे जरा थांबून समजून घ्या, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. इनलाइन चारमध्ये दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, त्यामुळे वरवर बघता हिशोब शून्य. पण रॉड तिरका होतो ना, तिथे गडबड होते. 4जी63 चा स्ट्रोक (पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव) 88 मिमी आणि रॉड 150 मिमी. क्रँक बरोबर 90 अंश फिरला की पिस्टन अर्ध्यावर म्हणजे 44 मिमीवर असायला हवा असं वाटतं, पण तो साधारण 50.6 मिमी खाली आलेला असतो. आणि त्या क्षणी चारही पिस्टन एकाच उंचीवर असतात, म्हणजे चौघंही मिळून मध्यापासून साडेसहा मिमी खाली. पुढच्या 90 अंशात दोन वर दोन खाली, सरासरी परत मध्यावर. म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात चार पिस्टनचं एकत्र वजन दोनदा खाली-वर होतं. हेच ते सेकंडरी व्हायब्रेशन.

आता क्रँकवरचं काउंटरवेट, म्हणजे समतोलासाठीचं वजन, एका फेऱ्यात एकदाच फिरतं. एका फेऱ्यात दोनदा येणारा धक्का ते कसं मारणार? कितीही ड्रिल मारा, कितीही वजन लावा, शक्यच नाही. म्हणून तर क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे दोन शाफ्ट लागतात. ही कल्पना ब्रिटिश इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टरची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मित्सुबिशीने सत्तरच्या दशकात त्यातला एक शाफ्ट वर आणि एक खाली ठेवला, त्यामुळे इंजिनाचं आडवं डोलणंही कमी झालं, नाव दिलं सायलेंट शाफ्ट. पोर्शेने 944 च्या अडीच लिटर इंजिनासाठी मित्सुबिशीला रॉयल्टी देऊन हेच तंत्र घेतलं.

म्हणजे क्रँकचा समतोल वेगळा आणि शाफ्टचं काम वेगळं. शाफ्ट काढले म्हणून क्रँक बिघडत नाही, आणि क्रँक कितीही बारीक बॅलन्स केला तरी शाफ्टची कमी भरून निघत नाही.

किती धक्का येतो म्हणाल तर एका पिस्टनचं पिन-रिंगा आणि रॉडच्या वरच्या भागासकट वजन 600 ग्रॅम धरा. 6000 आरपीएमला सव्वाशे नाही, साधारण साडेबाराशे किलोच्या वजनाएवढा जोर, सेकंदाला 200 वेळा. 3000 ला त्याच्या चौथाई म्हणजे तीनशेच्या आसपास. आणि 800 च्या आयडलिंगला? जेमतेम 22 किलो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी चूक: एकच शाफ्ट काढणं

4जी63 मध्ये एक शाफ्ट ऑइल पंपाच्या गिअरवर चालतो आणि दुसरा एका छोट्या वेगळ्या बेल्टवर. हा छोटा बेल्ट तुटला की त्याचे तुकडे मोठ्या टायमिंग बेल्टमध्ये जातात, टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह वाकतात. याच भीतीने बरेच जण नुसता छोटा बेल्ट काढून टाकतात आणि पंपाकडचा शाफ्ट तसाच फिरत ठेवतात. असं करू नका हो. दोन शाफ्ट उलट फिरतात म्हणून त्यांचा आडवा जोर एकमेकांना मारतो. एकटा राहिला की उभा धक्का निम्माच कमी होतो आणि वर तेवढाच नवा आडवा धक्का तयार होतो. काढायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

तिसरी चूक, आणि इंजिन खरंच मारणारी: ऑइलची भोकं उघडी सोडणं

शाफ्टच्या बेअरिंगना ब्लॉकमधून ऑइल येतं. शाफ्ट गेला की ते ऑइल त्या भोकांतून सरळ खालच्या ऑइल पॅनमध्ये सांडतं आणि क्रँकला धरणाऱ्या मेन बेअरिंगला जायचं प्रेशर पडतं. व्हायब्रेशनने इंजिन लगेच मरत नाही, पण ऑइल प्रेशर नसलं तर मरतं. म्हणून ती बेअरिंग प्रेसने काढून फिरवून परत बसवायची, म्हणजे बेअरिंगचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर येत नाही आणि वाट बंद होते. पंपाच्या बाजूला गिअरला आधार म्हणून छोटा स्टब शाफ्ट घालावा लागतो, त्याला मात्र पुढच्या बेअरिंगचं ऑइल हवंच, ते बंद करून बसाल तर पंपच जाईल. दुसऱ्या बाजूला पुढच्या केसमध्ये टोपी ठोकायची. क्रँकवरचं छोट्या बेल्टचं स्प्रॉकेट बेल्ट नसला तरी जागेवरच राहू द्या, ते पुढच्या भागांना अंतर देतं.

याच्या उलट त्रासही होतो. सगळी भोकं नीट बंद झाली की ऑइलला जायला जागा कमी, पंप तोच, मग गार इंजिनात प्रेशर फार चढतं. टर्बो गाडी सकाळी निळा धूर सोडायला लागली तर टर्बो बदलायच्या आधी मेकॅनिकल गेज लावून प्रेशर बघा. यावर उपाय म्हणजे ऑइल फिल्टर हाउसिंगमधल्या, जास्तीचं प्रेशर सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची वाट मोठी करणं.

थरथर आली की शाफ्टवर खापर फोडणं

शाफ्ट काढल्यावर आयडलिंगला गाडी थरथरते अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. वरचे 22 किलो आठवा. तेवढ्याने आरसे हलत नाहीत. लोक शाफ्ट काढताना त्याच वेळी इंजिन धरणारे कडक पॉलियुरेथेनचे माउंट बसवतात, ती थरथर बहुतेक वेळा त्या माउंटची असते. नाहीतर टायमिंग एक दात सरकलेलं किंवा एखादा सिलिंडर मिस. शाफ्ट नसल्याचा खरा परिणाम 3000 च्या वर जाणवतो, गिअर लिव्हरला झिणझिण्या, डॅशबोर्डची गुणगुण.

ओळखायची एक सोपी रीत आहे. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये 1200 आरपीएम धरा आणि फोनमधलं व्हायब्रेशन मोजणारं अॅप लावा. 20 हर्ट्झला मोठा सुळका दिसला तर काहीतरी क्रँकच्या वेगाने फिरणारं असमतोल आहे, म्हणजे फ्लायव्हील, प्रेशर प्लेट किंवा पुढची पुली, आणि तिथे बॅलन्सिंगला अर्थ आहे. 40 हर्ट्झचा सुळका सेकंडरीचा आणि चार सिलिंडरच्या फायरिंगचाही असतो, तो दिसला म्हणून क्रँक काढू नका. आणि पुढची रबरवाली डॅम्पर पुली काढून हलकी अॅल्युमिनियमची लावायचा मोह टाळा, रबरवालीच क्रँकची पीळ शोषते, त्याचा बॅलन्स शाफ्टशी संबंध नाही.

अजून एक. शाफ्ट जागेवर असूनही टायमिंग बेल्ट बदलल्यावर व्हायब्रेशन आलं, म्हणून वैतागून शाफ्ट काढणारेही आहेत. पंपाच्या स्प्रॉकेटची खूण जुळते पण आतला शाफ्ट चुकीच्या जागी असू शकतो. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून 8 मिमीचा स्क्रूड्रायव्हर आत घालून बघा. 60 मिमीपर्यंत गेला तर बरोबर, 20-25 मिमीवर अडला तर स्प्रॉकेट एक फेरा फिरवून परत जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे.

मग रीबॅलन्सिंग कुठे लागतं?

सिंगल सिलिंडर आणि पॅरलल ट्विनमध्ये. तिथे बॅलन्सर बहुतेक क्रँकच्याच वेगाने उलटा फिरतो आणि क्रँकचं काउंटरवेट त्याला धरूनच ठरवलेलं असतं, अर्धं काम हा करणार अर्धं तो. नव्या जे-सिरीजच्या 350 बुलेट-क्लासिकमध्ये बॅलन्सर आहे, रॉयल एनफिल्डच्या 650 मध्येही आहे. पुण्या-कोल्हापूरकडे कुणी "जुन्या बुलेटला कुठे होता, काढून टाकू" म्हणालं तर ऐकू नका, जुन्या इंजिनाचा क्रँक त्याच्याविना चालायचा म्हणून वेगळा ठरवलेला होता. बॅलन्सर असलेल्या तीन सिलिंडरच्या गाड्यांचंही तेच.

चार सिलिंडरमध्येही इंजिन उघडलेलंच असेल तर पैसे पिस्टन आणि रॉडची वजनं आपापसात ग्रॅमपर्यंत जुळवण्यावर घाला, फ्लायव्हील आणि क्लच बदलत असाल तर ते बॅलन्स करून घ्या. हे शाफ्ट असले तरी करायचं, नसले तरी करायचं. आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे की शाफ्ट राहू द्या, दोन्ही बेल्ट 60,000 मैलांच्या आत एकत्र बदला. मी काढले कारण माझी गाडी ट्रॅकवर जाते आणि 7000 च्या वर तो छोटा बेल्ट मला नको होता.