ड्रायव्हर आज गाडी चालवायच्या अवस्थेत आहे का? अंदाजाने नाही, मोजून कसं ठरवायचं

ज्यांच्या दोन-चार ट्रॅव्हल्स, टेम्पो किंवा स्कूलबस आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे काय होतं, मालक विचारतो "झोप झाली का रे?", ड्रायव्हर म्हणतो "झाली शेठ", आणि चावी हातात. तो मुद्दाम खोटं बोलतो असं अजिबात नाही, झोप अपुरी झालेल्या माणसाला आपण किती ढिले पडलोय ते स्वतःला नीट कळतच नाही. फॉर्म १-अ वरचं डॉक्टरचं सर्टिफिकेट म्हणाल तर ते लायसन रिन्यू करताना, म्हणजे साधारण ५ वर्षांतून एकदा, आज रात्रीबद्दल ते काहीच सांगत नाही.

आधी दारू, कारण हे सगळ्यात सोपं. ब्रेथ अ‍ॅनालायझर घेताना फ्युएल सेल सेन्सरवालाच घ्या. स्वस्तातले सेमीकंडक्टरवाले सिगारेटचा धूर आणि शुगरवाल्या माणसाच्या श्वासातलं अ‍ॅसिटोन यालाही दारू समजू शकतात, आणि एका चांगल्या माणसावर उगाच आळ येतो. खाल्ल्यावर, गुटखा किंवा माउथवॉशनंतर चूळ भरायला लावून १५ मिनिटं थांबा, मग फुंकायला सांगा. मोटार वाहन कायद्यात कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. काही मशीन श्वासाचा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये दाखवतात, तिथे हाच आकडा साधारण ०.१४ येतो, त्यामुळे युनिट बघूनच बोला. आपल्या गाडीवर मात्र नियम शून्याचाच ठेवा. आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनचा आकडा बरोबर येतो का याची तपासणी, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत करून घ्या, नाहीतर मशीन नुसतं शोभेचं.

आता झोप, जिच्याकडे कोणी बघतच नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड यांनी दाखवलं की सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं घसरतं. म्हणजे सकाळी ६ ला उठलेला आपला ड्रायव्हर रात्री ११ ला नाईट मारायला बसतो तेव्हा थेंबही न घेता तो आपल्या कायद्याच्या मर्यादेपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो!

हे मोजायला सायकोमोटर व्हिजिलन्स टेस्ट आहे, पीव्हीटी म्हणतात. मोबाईलवर किंवा टॅबवर चालते, स्क्रीनवर मधेच कधीतरी खूण येते आणि दिसल्याबरोबर बोट टेकवायचं, बस. मूळ टेस्ट १० मिनिटांची, तिच्यात ५०० मिलिसेकंदांपेक्षा उशीर झाला की एक लॅप्स, म्हणजे एक चूक, धरतात. ३ मिनिटांचीही आहे, तिच्यात ही मर्यादा ३५५ आहे, आणि ड्युटीआधी तीच जमते. दोन गोष्टी पाळाच. फोन कायम एकच वापरा, कारण प्रत्येक फोनचा टच वेगवेगळ्या वेगाने चालतो आणि आकडे बिघडतात. दुसरं, सगळ्यांना एकच पास-नापास आकडा लावू नका, पन्नाशीतला माणूस पंचविशीतल्या पोरापेक्षा थोडा हळू असणारच. सुट्टीनंतर नीट झोपून आलेल्या दिवसांचे आकडे घेऊन प्रत्येकाची स्वतःची पातळी ठरवा आणि आजचा आकडा त्याच्याशीच ताडून बघा, एरवी एक-दोन लॅप्स असणाऱ्याचे आज सात-आठ आले तर चावी द्यायची नाही.

चालत्या गाडीसाठी डॅशबोर्डवर ड्रायव्हरकडे तोंड करून इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. एका मिनिटातला किती वेळ पापणी ८० टक्क्यांपेक्षा जास्त मिटलेली होती हे तो मोजतो, याला परक्लोस म्हणतात. गॉगल, चुकीचा अँगल, सारखं आरशात बघणं यामुळे खोटे अलार्म येतात, म्हणून बसवल्यावर त्याच ड्रायव्हरला सीटवर बसवून अँगल लावा, नाहीतर दोन दिवसांत तो वायर काढून टाकेल. पण हा अलार्म वाजतो तेव्हा डुलकी दारात आलेलीच असते, म्हणून तो पीव्हीटीच्या जागी नाही, जोडीला. पहाटे २ ते ५ मध्ये अलार्म वाजला की चहावर भागवू नका, गाडी सुरक्षित जागी लावून दुसऱ्या ड्रायव्हरला बसवा.

आकडे वारंवार खराब येतात, माणूस जोरात घोरतो, आठ तास झोपूनही पेंगतो, तर स्लीप अ‍ॅप्नियाचा संशय घ्या, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबण्याचा आजार. रात्रभर रेकॉर्ड करणारा ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन पुन्हापुन्हा पडतो का बघा आणि डॉक्टरकडे स्लीप टेस्टला पाठवा, यावर उपचार आहेत. स्मार्टवॉचचे झोपेचे तास अंदाजाला ठीक, पण त्यातल्या 'डीप स्लीप'वरून कोणाची ड्युटी ठरवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, हे सुरू करण्याआधी ड्रायव्हर लोकांना बसवून मराठीत नीट समजावा, लेखी संमती घ्या, आणि कोणाचा आकडा चार लोकांत वाचून दाखवू नका. झोपेमुळे नापास झाला तर त्या दिवसाचा पगार कापायचा नाही, कापलात की पुढच्या वेळी टेस्ट क्लीनर देईल आणि गाडी तोच थकलेला माणूस चालवेल. त्या रात्रीसाठी बदली ड्रायव्हरचा नंबर आधीच ठरवून ठेवा, त्याच्या भत्त्याचा खर्च महिन्याच्या हिशोबात डिझेलसारखाच धरा.