खाडीकिनारी स्वयंसेवक म्हणून काम करताना या चुका टाळा

ऐरोली, वाशी, नेरुळ किंवा ठाण्याच्या खाडीकाठी कांदळवन स्वच्छतेचे काम करणाऱ्या स्थानिक गटात सामील होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बहुतेक अडचणी मेहनत कमी पडल्याने नव्हे, तर खाडीचे वेळापत्रक न पाहिल्याने उद्भवतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे केवळ रविवार मोकळा आहे म्हणून सकाळी नऊची वेळ ठरवणे. या किनाऱ्यावर अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास मोठी भरती असते. म्हणजे नऊ वाजता पाणी चढत असते आणि तासाभरात चिखलातला कचरा झाकला जातो. याउलट अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी बांधव भांग म्हणतात त्या दिवसांत, ओहोटी दुपारच्या सुमारास येते आणि सकाळचे तास कामाला मिळतात. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्याची वेळ या आठवड्यात चालत नाही. तक्ता पाहावाच, पण जवळच्या कोळीवाड्यात विचारणे अधिक भरवशाचे.

कांदळवनातल्या तिवराच्या झाडाभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोके ही त्याची श्वसनमुळे असतात. ती तुडवत आत शिरणारा गट कचरा काढतो खरा, पण झाडाचे नुकसानही करतो. म्हणून एकामागोमाग एकाच वाटेने जावे. रोपांना गुंडाळलेले प्लास्टिक ओढू नये, कात्रीने कापावे. खोल रुतलेली पिशवी तशीच राहिली तरी चालेल. पाय चिखलात अडकल्यास जोर लावून उपसू नये. मागे रेलून पाय हळूहळू हलवत सैल करावा आणि वेळ पडली तर बूट तिथेच सोडावा. काच आणि सुया सापडतात, म्हणून जाड हातमोजे लागतात.

भरलेल्या गोण्या काठावर ठेवून फोटो काढून निघून जाणे ही चूक इतकी सर्रास होते की तिला चूक म्हणायचेही कोणाला सुचत नाही. महापालिकेची गाडी दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर रात्रीची भरती त्या गोण्या परत खाडीत नेते. गाडी केव्हा आणि कुठे येणार हे आधी ठरलेले नसेल, तर कचरा काढण्याचा दिवसच पुढे ढकलावा.

परवानगीचा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारत नाहीत. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कांदळवनात शिरण्यापूर्वी गटाने वनविभागाची परवानगी घेतली आहे का, हे थेट विचारावे. उत्तर टाळले गेले तर त्या दिवशी जाऊ नये. हिवाळ्यात पक्षी चरत असताना त्यांना उडवून छायाचित्र मिळवणे तर सर्वस्वी गैर आहे. अठरा वर्षांखालील असाल, तर पालकांचे संमतीपत्र सोबत ठेवावे.

शेवटी तासांचा हिशेब. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे २४० तास परीक्षेच्या तोंडावर पुरे करायला येणाऱ्यांना गटाकडे देण्यासारखे काम उरत नाही. जून-जुलैमध्येच समन्वयकाशी बोलून कचऱ्याची प्रकारवार नोंद ठेवण्यासारखे एखादे काम वर्षभरासाठी मागून घ्यावे आणि तासांच्या नोंदवहीवर त्याच दिवशी सही घ्यावी.