हायवेवर स्टीअरिंग थरथरतंय? सुटे भाग बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी ८० पर्यंत छान चालते, ९० ओलांडलं की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं आणि ११०च्या पुढे कधी कधी आपोआप शांतही होतं. अशी गाडी गॅरेजला आली की मालकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "अलाइनमेंट करून द्या." गडबड इथूनच सुरू होते.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावरही स्टीअरिंग तिरकं धरावं लागतं, टायर एका कडेने झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर मात्र फिरणाऱ्या वस्तूची असते, आणि कोन काही फिरत नाहीत. चुकीच्या कोनांमुळे टायर वेडावाकडा झिजला तर तो टायर थरथर आणू शकतो, पण तेव्हाही दोष टायरमध्ये बसलेला असतो. नुसते कोन सुधारून तो जात नाही.

नेमका वेगच का, तेही समजून घ्या. १८५/६५ आर १५ मापाचा टायर ताशी १०० किमीला सेकंदाला साधारण १४ फेरे मारतो. रिमच्या (टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाच्या) कडेला वजनात फक्त २० ग्रॅमचा फरक असेल, तर या वेगाला तो चाकाला सुमारे ३ किलोच्या जोराने खेचतो, तेही सेकंदाला १४ वेळा आणि दर क्षणी वेगळ्या दिशेला. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ४०ला तोच फरक अर्ध्या किलोपेक्षा थोडा कमी खेचतो आणि हाताला कळतही नाही. सस्पेन्शन आणि स्टीअरिंगची स्वतःची डुलण्याची लय या फेऱ्यांशी जुळली की थरथर फुगते, वेग पुढे गेला की ओसरते. ओसरली म्हणजे दोष गेला, असं मात्र अजिबात समजू नका.

थरथर केव्हा येते हे न पाहता गाडी जॅकवर चढवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. घाईतला नवशिका मेकॅनिक गाडी उचलतो, चाक हलवतो, जरा खेळ (सैलपणा) जाणवला की टाय रॉड एंड, म्हणजे स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा सांधा, बदलतो. थरथर जिथल्या तिथे. त्याआधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर वीस मिनिटं घालवली असती तर अर्धं काम झालं असतं.

बघायचं एवढंच. वेग स्थिर ठेवून थरथर येत असेल तर संशय चाक, टायर आणि हबवर (चाक ज्यावर बोल्ट होतं तो गाडीचा फिरता भाग). स्टीअरिंग शांत आहे पण सीट आणि फरशी हादरते, तर आधी मागची चाकं तपासा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क, म्हणजे ब्रेक ज्या तबकडीला चिमटतो ती. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावा लागणारा हा फरकसुद्धा स्टीअरिंगला आणि ब्रेक पेडलला कळतो, आणि कितीही बॅलन्सिंग (चाक मशीनवर फिरवून, छोटी वजनं लावून त्याचा भार सगळीकडे सारखा करणं) केलं तरी जात नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर थरथरते आणि पाय उचलताच शांत होते, तर एक्सलचा (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट झिजला असण्याची शक्यता मोठी. थरथरीसोबत घरघर असेल आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग.

मग माझा आग्रह पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकण्याचा असतो, अर्थात चारही चाकं एकाच मापाची असतील तर. आणि टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवा. थरथर स्टीअरिंगवरून सीटखाली सरकली की दोष चाकांसोबत गेला, हे उघड झालं. एक जॅक, एक पाना आणि अर्धा तास लागतो. तरी लोक हे टाळतात आणि थेट नवे टायर घेतात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

"बॅलन्सिंग झालंय, म्हणजे चाकाचा प्रश्नच नाही"

नेहमी भेटणारी केस सांगतो. पुढची चाकं दोनदा बॅलन्स झालेली, मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य. अलाइनमेंटही झालेली. शेवटी दोन नवे टायरही घातले. थरथर तशीच. चाक काढून हबचा चेहरा बघितला तर स्टडच्या (चाकाचे नट ज्यावर बसतात त्या खिळीच्या) शेजारी गंजाची एक खपली, नखाएवढी, जाडी ०.३ मिलिमीटर. साधारण १४० मिलिमीटर व्यासाच्या हबवर कडेला एवढी खपली अडकली की रिम टेकताना किंचित तिरपं बसतं, आणि टायरच्या बाहेरच्या कडेला तेच तिरपेपण सव्वा मिलिमीटरच्या वर जातं. दर फेऱ्याला चाक डुलतं. मशीनला हे दिसणार कसं? मशीनवर चाक मशीनच्या दांड्यावर बसतं, गाडीच्या हबवर नाही.

म्हणून चाक काढलं की हबचा चेहरा आणि रिमची आतली बाजू वायर ब्रशने घासून चकचकीत करायची. मधल्या छिद्राची कडसुद्धा. बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमचं मधलं छिद्र बऱ्याचदा हबपेक्षा मोठं असतं, उदाहरणार्थ हब ५४.१ आणि छिद्र ७३.१ मिलिमीटर. मधली जागा भरायला नेमक्या मापाची रिंग लागते. ती टायर बदलताना काढून बाजूला ठेवली आणि राहून गेली, असं सारखं होतं.

बॅलन्सिंगच्या वेळीही शेजारी उभे राहा. रिमच्या आत चिकटलेला चिखल आधी निघाला का? जुनी वजनं काढली का? आतली आणि बाहेरची, दोन्ही बाजू मोजल्या का? वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून शून्य बघितलं का? चाक सैल करून अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा घट्ट करून मोजायचं. आकडा बदलला तर चाक मशीनवरच नीट बसलेलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत नेमकं हेच राहतं. वजन खूपच लागत असेल तर टायर रिमवर नीट बसलाय का ते बघा. रिमलगतची टायरवरची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

बाकीच्या चुका थोडक्यात. टायर हाताने न चाचपणं: फुगवटा किंवा उंचवटा लागला तर ती गाडी हायवेवर नेऊ नका, तो टायर फुटू शकतो. पंक्चर बुजवायचं पातळ द्रव टायरच्या आत असताना बॅलन्सिंग करणं: द्रव जागा बदलतो, आकडा टिकत नाही. गाडी बरेच दिवस उभी असेल तर टायर खालून चपटे होतात. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, हवा नीट करून मगच निदान करा. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटचा (सस्पेन्शनच्या सांध्याचा) खेळ थरथर वाढवतो, पण सुरुवात सहसा तिथून होत नाही.

शेवटी नट. एअर गनने एका दमात आवळू नका. चाक हवेत असताना सगळे नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करा. गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने) शेवटचा दाब द्या. लहान गाड्यांना बहुधा ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतो, तरी पुस्तिकेतला आकडाच धरा. नंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी चालवून बघा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.